एर्मीनचा पांढरा

रविवार, ९ फेब्रुवारी. ढगाळ, उत्तरेचा वारा, तळ्याचं पाणी बावन्न अंश फॅरनहाइट.

सकाळच्या मिसाच्या प्रार्थनेला फादर ओझेन प्रवचन संपवून क्षणभर थांबले होते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एर्मीन सॉनिएचा आवाज आला, "क्लोव्हिस! हा जांभळा सदरा तू कधी घेतलास?"

सगळं चर्च वळून बघायला लागलं. क्लोव्हिस तिचा नवरा, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज खाली आणायचा म्हटलं की तो आणखीच घोगरा होतो.

"पांढरा आहे तो. तूच धुतलायस."

"मी जांभळा धुतला?"

"पाच वर्षं धुतेयस. आता गप बस, फादर बघतायत."

फादर म्हणाले, "एर्मीन, डोळा बरा झालेला दिसतोय. देवाची कृपा." मग मात्र कोणालाच हसू आवरेना. पेटीवाल्या बाईंनी पुढचं गाणं एक सूर वरून सुरू केलं.

तीनच दिवसांपूर्वी एर्मीनच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डावा चार आठवड्यांनी काढायचा होता. मोतीबिंदू हळूहळू पिकत गेला तसं तिला सगळं जग पिवळट दिसायला लागलं होतं, आणि ते जगाचंच वय झालं असं ती समजत होती. नवऱ्याचा रविवारचा सदरा पिवळा पडतोय असं वाटून ती धुताना नीळ वाढवत गेली. पाच वर्षांत सदरा कुठल्या कुठे पोचला. आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण आमच्या गावात बाईला तिच्या धुण्याबद्दल आणि पुरुषाला त्याच्या बोटीबद्दल तोंडावर बोलायची पद्धत नाही.

मिसानंतर हॉलमध्ये कॉफी असते. एर्मीन थांबली नाही. तिची पर्स बाकावरच राहिली होती, ती घेऊन मी, तिची मैत्रीण, मागोमाग तिच्या घरी गेले. ती मागच्या पडवीत उभी होती. तिथेच तिचं कामाचं टेबल असतं. हातात बोटभर लांबीचा एक मऊ प्लास्टिकचा मासा धरून ती खिडकीच्या उजेडात बघत होती.

"कोरीन, हा कुठला रंग?"

"तुझा पांढरा."

"तुला पांढरा दिसतो?"

मिसाहून आल्या आल्या खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "जरा जांभळ्याकडे झुकतो," मी म्हणाले.

"जरा?"

"फादर लेंटच्या उपासात घालतात त्या झग्याइतका नाही."

ती खुर्चीवर बसली. हातातल्या माशाचं वल्ह्यासारखं शेपूट लटलटत राहिलं.

जे घडलं ते कळायला एर्मीन आमच्या गावात कोण आहे ते सांगायला हवं. लाक न्वार तळ्याच्या काठी आम्ही नऊशे माणसं राहतो आणि त्यातली निम्मी बास माशाच्या मागे असतात. बास काही मुकाट्याने गळाला लागणारा मासा नाही. त्याला आज काय खावंसं वाटतंय ते ओळखून तसलं आमिष त्याच्यापुढून पोहत न्यावं लागतं. त्यासाठी हे मऊ मासे. दुकानात त्यांचे शेकडो रंग पाकिटांत लटकत असतात, आणि बोट घेऊन निघालेला माणूस त्यांच्यापुढे उभा राहिला की लग्नाचे कपडे बघणाऱ्या बाईसारखा खुळावतो. आमच्याकडची माणसं त्या दुकानात जात नाहीत. ती एर्मीनच्या पडवीत येतात.

तिचे वडील तेलेस्फोर शहरातल्या साहेबांना मासेमारीला घेऊन जात. आठ वर्षांची असल्यापासून ती त्यांच्या बोटीत असे. पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं तीनशे मुलांचं जेवण रांधलं. निवृत्त झाल्यावर दुकानातले रंग मनासारखे मिळेनात म्हणून अॅल्युमिनियमचे साचे मागवले आणि स्वतःच मासे ओतायला लागली. दुधासारखा पातळ प्लास्टिकचा द्रव काचेच्या मापात घ्यायचा, जुन्या मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा, पाकासारखा घट्ट व्हायला लागला की रंगाचे थेंब, मोतिया भुकटी, चमकी घालायची आणि साच्यात सोडायचा. मापं ती घेत नाही. शाळेत मीठ-मिरची घालायची तशीच चिमटीने घालते, डोळ्यांनी चव घेते.

माणूस आला की रंग मागायचा नसतो. आधी तिच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. कुठे जाणार? किती खोल? ऊन की ढग? वारा कुठल्या काठावर आपटतोय? आणि शेवटचा, ठरलेला: "काल पकडलेल्या माशाने काय ओकलं?" बास बोटीत आला की पोटातलं बाहेर टाकतो. त्यात चिंगळं असली तर ती तांबूस तपकिरी देते. अंड्यांवर बसलेल्या सूर्यमाशांचा हंगाम असला तर पोट नारिंगी असलेला भोपळी हिरवा. पावसानंतर गढूळ पाण्यात काळा-निळा, कारण तिथे माशाला रंग दिसत नाही, सावली दिसते. आणि शॅड नावाच्या रुपेरी माशांचे थवे आत आले, फेब्रुवारी-मार्चमध्ये ते येतातच, की एर्मीनचा पांढरा. त्याचं नाव 'रविवारचा सदरा'. नाव कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. क्लोव्हिसचा धुतलेला सदरा टेबलामागे खुंटीला टांगून ती त्याच्याशी रंग जुळवायची.

एकदा ह्यूस्टनहून एक गृहस्थ साठ पाकिटं घेऊन आले होते. सगळी महागातली. तिने एकेक उघडून पाहिलं आणि म्हणाली, "छान आहेत. पडद्यांना झालरी लावायला होतील." मग स्वतःचे दोन मासे त्यांच्या हातावर ठेवले. संध्याकाळी ते गृहस्थ चिखलाच्या बुटांनिशी पडवीत आले आणि तिचा हात ओठांना लावून गेले. क्लोव्हिस म्हणाला, "पंचावन्न वर्षांत मला हे सुचलं नाही."

तर गेली पाच वर्षं तो पांढरा पांढरा नव्हता.

सोमवारी तिने जुने सगळे मासे एका टोपलीत काढून ठेवले आणि नव्या डोळ्याने नवा पांढरा ओतला. क्लोव्हिससाठी दुकानातून कोरा सदरा आणवला, तो खुंटीला लावला, आणि मोत्यासारखा स्वच्छ रंग जुळवला. इतका सुंदर मासा मी तिच्या हातून पाहिला नव्हता. त्यातले दोन डझन तिने आल्से दूसेला दिले. आल्से गावातला न्हावी आणि मासेमारी क्लबचा अध्यक्ष. सेंट जोसेफच्या सणानंतरच्या शनिवारी, बावीस मार्चला, क्लबची स्पर्धा असते. आसपासच्या सात गावांतून बोटी येतात. आमच्या गावाची सगळी मदार 'रविवारच्या सदऱ्या'वर असते.

पुढच्या शनिवारी दुपारी आल्से दोन जणांना घेऊन पडवीत आला. तिघांनीही टोप्या काढून हातात धरल्या होत्या. मयताला आल्यासारखे उभे होते.

"मिस एर्मीन," आल्से म्हणाला. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात. "काय मासा बनवलाय! बघत राहावंसं वाटतं."

"किती मिळाले?"

"मी बायकोलाही दाखवला. ती म्हणाली, मुलीच्या लग्नात केकवर ठेवूया."

"आल्से, किती मिळाले?"

आल्सेने टोपी फिरवली. "वारा जरा वाईट होता."

"तिघांना मिळून?"

"एक," मागचा हळूच म्हणाला. "तोही शेपटीला अडकून आला."

मग आल्सेनेच धीर केला. "त्या जुन्यातले काही उरले असतील तर, मिस एर्मीन? ते जरासे... वेगळे होते ना, ते."

"जांभळे."

"आम्ही कधी तसं म्हटलं नाही हं!"

"का नाही म्हटलं? पाच वर्षं माझ्याकडून जांभळं नेताय आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला काहीतरी कळलंय," आल्से म्हणाला. "रंग तुम्ही सांगायचा, आम्ही बांधायचा. आणि मासे लागत होते की! लागत असताना कोण विचारतो?"

ते टोपलीतले उरलेले सगळे जुने मासे घेऊन गेले. ते स्पर्धेपर्यंत पुरणारे नव्हते. पन्नास बोटींना निदान तीनशे लागतात.

एर्मीनने पुन्हा द्रव तापवला. जुना रंग आठवून निळा-जांभळा थेंब टाकला. नव्या डोळ्याला तो भडक वाटला, तिने आवरतं घेतलं. कमी वाटला, पुन्हा टाकला. चार वेळा ओतलं, चारही वेळा वेगवेगळं झालं आणि एकही जुन्यासारखं नाही. पाचव्या खेपेला तिने पदार्थ उतरवायचा फडका उचलला, तो तिरका करून नव्या डोळ्यावर बांधला, आणि डाव्या, पिकलेल्या डोळ्याने काम केलं. क्लोव्हिस दारातून म्हणाला, "जहाज लुटायला निघालीस की काय?" ती हसली नाही. ओतून झालं, मासा गार झाला, तिने फडका सोडला आणि मी मासा पाहिला. हुबेहूब जुना. एर्मीनने त्या दिवशी चाळीस ओतले.

मला तेव्हाच धोका कळायला हवा होता. कळला तो राखेच्या बुधवारी, लेंटच्या पहिल्या दिवशी. पाच मार्च, थंडी परतलेली, पाणी छप्पन्न. कपाळाला राख लावून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी तिला गाडीतून डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं.

"उद्या येऊ नकोस," ती म्हणाली. "मी नको म्हणून कळवलंय."

"पुढची तारीख कधीची?"

"पुढची नाही. एका डोळ्याने सगळं दिसतं की. दुसरा तसाच ठेवणार."

"अगं, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते तुझ्याबरोबर मीही ऐकलंय. तो फार पिकलाय. आणखी कडक झाला तर काढताना डोळाच जायचा."

"जाईल तेव्हा जाईल."

"रबरी माशांच्या पायी डोळा घालवणार तू?"

ती पायरीवर थांबली. राखेचा एक कण तिच्या नाकावर पडला होता. "कोरीन, ह्या गावात मला कोणी गाणं म्हणायला बोलावत नाही. नाचायला तर नाहीच, ह्या गुडघ्याने. माझा नवरा सोडला तर माझ्या हातच्या गंबोच्या रश्श्याची सुद्धा कोणी फार तारीफ करत नाही. ज्या एका गोष्टीसाठी लोक माझं दार वाजवतात ती गोष्ट नव्या डोळ्याला येत नाही, जुन्याला येते. मग मी कुठला टाकू?"

त्या दिवशी उपास होता, नाहीतर मी तिला घरी नेऊन खाऊ घालून पटवलं असतं. आमच्याकडे बऱ्याच गोष्टी जेवताना पटतात.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन तिच्या टेबलाशी बसले. म्हटलं, तू डोळा बांधून कर, मी थेंब मोजते. निळा किती, जांभळा किती, भुकटी किती चिमटी, सगळं लिहिलं. मग त्याच मापाने तिने उघड्या डोळ्यांनी ओतलं आणि खरोखर तोच रंग आला. मी टाळी वाजवली. शनिवारी द्रवाचा नवा डबा फोडला, तेच थेंब, त्याच चिमट्या, आणि मासा निघाला आजारी माणसाच्या ओठांसारखा. प्रत्येक डब्यातला द्रव मुळात वेगळा असतो, तापवताना थोडा वेगळा करपतो. "शाळेत पण वाटाणे दर वर्षी वेगळे यायचे," एर्मीन म्हणाली, आणि फडका उचलला.

त्या संध्याकाळी क्लोव्हिस माझ्या दारात आला. तो माझ्याकडे एकटा कधी येत नाही.

"ती रोज सकाळी डावा डोळा झाकून कॅलेंडर वाचते, मग उजवा झाकून," तो म्हणाला. "उजवा झाकला की वाचताच येत नाही. मी झोपलोय असं तिला वाटतं. तू काहीतरी कर, कोरीन."

"मी काय करू? तू नवरा आहेस."

"म्हणूनच तर तुझ्याकडे आलोय."

मग मी त्याला म्हणाले की आजवर आल्से आणि मंडळींच्या शब्दावरच सगळं चाललंय. वारा, नशीब, थापा. तिने स्वतः कुठे पाहिलंय? दोन्ही रंग तिच्या डोळ्यांसमोर पाण्यात टाकूया. नवा पांढरा चालला तर प्रश्न मिटला. नाही चालला तर आहे त्याहून वाईट काय होणार?

गुडघ्यामुळे एर्मीन सहा वर्षं बोटीत बसली नव्हती. क्लोव्हिसने स्वयंपाकघरातली हातांची खुर्ची बोटीत नेऊन दोराने बांधली. मंगळवार, अकरा मार्च, ऊन स्वच्छ, वारा जवळजवळ नाही, पाणी एकसष्ट. थर्मासमध्ये कॉफी होती आणि तांदूळ भरलेली सॉसेजं होती. लेंटमध्ये मांस शुक्रवारी वर्ज्य, आणि हा मंगळवार असल्यामुळे ती खाता येत होती. आम्ही निघालो तेव्हा धक्क्यावरचे दोघे-तिघे काम सोडून बघत राहिले.

"राणीची स्वारी कुठे?" एकाने विचारलं.

"राजाला बुडवायला," क्लोव्हिस म्हणाला.

मागच्या खाडीत, जिथे सायप्रसची झाडं पाण्यात गुडघे काढून उभी आहेत, तिथे आम्ही थांबलो. दोन गळ. एकाला नवा पांढरा, एकाला जुना जांभळट. क्लोव्हिस एक टाकणार, एर्मीन एक. वीस वेळा टाकून झालं की अदलाबदल, म्हणजे हाताचं यश रंगाला जायला नको. मी रेघा ओढत होते.

एर्मीन सहा वर्षांनी गळ टाकत होती असं कोणी म्हटलं नसतं. मनगटाचा एक झटका, आणि मासा बरोबर दोन खोडांच्या मध्ये, टप्प असा आवाजही न करता. पहिल्या वीस खेपांत तिच्याकडे पांढरा होता. काही नाही. क्लोव्हिसला जांभळ्यावर दोन लागले. अदलाबदल झाली. आता जांभळा तिच्याकडे आला आणि चौथ्याच खेपेला गळ असा वाकला की खुर्ची करकरली.

"धर मला!" ती ओरडली. "अगं कोरीन, वही टाक आणि मला धर!"

मी तिची कंबर धरली, क्लोव्हिसने जाळी खाली घातली, आणि सव्वासहा पौंडांची मादी पाणी उडवत बोटीत आली. तिघंही भिजलो. क्लोव्हिसने तिच्या जबड्यात अंगठा घालून उचलली, एर्मीनच्या मांडीवर क्षणभर ठेवली, मग हळूच परत सोडली. एर्मीनचा चेहरा सोळा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता.

दीड तासाने मी रेघा मोजल्या. जांभळट सहा. पांढरा एक, तोही वीतभर.

तिचा चेहरा उतरत गेला. "झालं तर," ती म्हणाली. "आल्से खोटं बोलत नव्हता. डोळा ठेवायलाच लागणार."

मला माझाच राग आला. तिला इथे आणायची कल्पना माझी. क्लोव्हिस गळ गुंडाळायला लागला. जांभळट मासा बोटीच्या कडेशी, हातभर खोल पाण्यात आला होता. त्याच वेळी झाडांच्या सावलीतून शॅडचा एक थवा बोटीखालून जात होता.

"थांब क्लोव्हिस," एर्मीन म्हणाली. "ओढू नकोस. तसाच लोंबत ठेव."

ती कडेवर वाकली. मी पुन्हा तिची कंबर धरली. ती कितीतरी वेळ बघत राहिली. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग पिकलेला डावा हाताने झाकून, फक्त नव्या उजव्याने.

"कोरीन, बघ. काय रंग दिसतो?"

मी बघितलं. आमचं तळं झाडांच्या पानांनी रंगलेलं, कोऱ्या चहासारखं. त्या चहात हातभर खाली जांभळट मासा जांभळा नव्हताच. पांढरा होता. थंड, रुपेरी पांढरा, आणि त्याच्या बाजूने जाणाऱ्या जिवंत शॅडच्या अंगावर जी निळसर झाक चमकत होती, तीच त्याच्यावर.

"आता दुसरा सोड," ती म्हणाली.

क्लोव्हिसने पांढरा त्याच्या शेजारी सोडला. हातात मोत्यासारखा दिसणारा तो सुंदर मासा पाण्यात जाताच लोण्याच्या गोळ्यासारखा पिवळा पडला.

एर्मीन मागे खुर्चीत बसली आणि हसायला लागली. आधी हळू, मग इतकी की बोट हलायला लागली.

"बाबा म्हणायचे, रंग हातात नाही बघायचा, मासा हातात राहत नाही. गुडघा गेल्यापासून मी पाण्याशी यायचंच सोडलं, आणि पडवीत बसून सदऱ्याशी जुळवत बसले. ह्या पाण्यात चहा आहे, कोरीन. माझ्या डोळ्यातही तोच चहा होता! मला वाटत होतं मी आंधळी होतेय, आणि मी बसले होते माशाच्या डोळ्याने बघत."

क्लोव्हिसने विचार करून विचारलं, "म्हणजे माझे सदरे पाण्याखाली पांढरे दिसले असते?"

"मार उडी. बघूया."

"मग डोळ्याचं काय?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

"डोळ्यात चहा कशाला हवा? तळं भरून आहे इथे." आणि तिने बोटीतली बादली उचलून माझ्या हातात दिली. "भर."

दुसऱ्या दिवशी पडवीतल्या टेबलावर शाळेच्या स्वयंपाकघरातली लोणच्याची गॅलनभर मोठी काचेची बरणी आली. तिच्यात तळ्याचं पाणी. एर्मीनने ह्या वेळी फडका डाव्या डोळ्यावर बांधला. नव्या डोळ्याने ओतायचं, थेंबभर द्रव काडीवर गार करायचा, बरणीत बुडवून बघायचं. पहिला शाईसारखा निघाला. दुसरा बरा होता, पण तिच्या मते 'अर्धवट झोपेत'. शेजारी ताडून बघायला क्लोव्हिस जाळीने एक शॅड घेऊन आला, तो बरणीत घालताना हातातून निसटला आणि मांजराने नेला. क्लोव्हिस पुन्हा तळ्यावर गेला. दुसरा शॅड आणेपर्यंत तिसरा रंग तयार होता. काडी पाण्यात गेली, शेजारून जिवंत मासा फिरला, आणि दोन्ही एकदम चमकले.

"हा," एर्मीन म्हणाली. एवढंच. मग मला म्हणाली, "मोजू नकोस काही. उद्या पाणी वेगळं असेल, तेव्हा उद्याचं पाणी आणायचं."

तिने फडका काढला, हात धुतले आणि स्वतः फोन लावला. "हो, एर्मीन सॉनिए. हो, मीच नको म्हटलं होतं. डावा. नाही बाई, काही दुखत नाही, आता तो नकोय मला. वीस तारखेला? चालेल. बावीसला मी धक्क्यावर असणार, ते मात्र डॉक्टरीणबाईंना आधीच सांगून ठेव."

गुरुवारी, वीस मार्चला, डोळा झाला. मोतीबिंदू कडक होता, वेळ दुप्पट लागला, पण निभावलं. शुक्रवारी पट्टी काढली तेव्हा मी तिथेच होते. डॉक्टरीणबाईंनी अक्षरांचा तक्ता दाखवला. तिने खालून दुसरी ओळ वाचली.

"छान! आणखी काय दिसतं?"

एर्मीनने खिडकीबाहेर पाहिलं. दवाखान्यामागे शोभेचं तळं आहे. "तुमच्या तळ्यात गवत फार वाढलंय. कडेला सूर्यमासे अंड्यांवर बसायच्या बेतात आहेत. तिथे पांढरा कोणी टाकत असेल तर त्याला सांगा, भोपळी हिरवा टाक, पोटाला जरा नारिंगी."

डॉक्टरीणबाई थबकल्या. "माझा नवरा टाकतो तिथे पांढरा," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली." आणि चिठ्ठीच्या कागदावर लिहून घेतलं.

शनिवारी पहाटे धक्क्यावर एका टेबलावर ती बरणी आणि तीनशे मासे. एर्मीन काळा चष्मा लावून बसली होती. प्रत्येकाला आधी बरणीत बुडवून बघायला लावत होती आणि रांग बोटींच्या उतारापर्यंत गेली होती. "मिस एर्मीन, उशीर होतोय," आल्से म्हणाला. "डोळे आहेत ना? मग वापर," ती म्हणाली. "आणि पुन्हा कधी काही जांभळं दिसलं तर तोंड उघड."

तीन वाजता वजनं झाली. आल्से दुसरा आला. आमच्या गावाचे पहिल्या दहात सहा. पहिली आली पलीकडच्या गावातली एक चाळिशीतली पोस्टमन बाई, नाव रोझेल ओडोमे. एकोणीस पौंड. आणि तिने दिवसभर काळा-निळा वापरला होता.

आमच्या माणसांनी ही बातमी एर्मीनपासून लपवायचं ठरवलं. सकाळीच तोंड उघडायचं शिकलेला आल्से टेबलाशी उभा राहून हवामानाबद्दल बोलायला लागला. पण ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. चष्मा कपाळावर चढवलेला होता आणि पन्नास पावलांवरच्या बाईच्या गळाला काय लोंबतंय ते तिला स्वच्छ दिसत होतं.

"काळा-निळा? आज? ह्या उन्हात?"

गुडघा विसरून ती उठली, गर्दीतून सरळ त्या बाईपर्यंत गेली, आणि नाव-गाव न विचारता तिने सुरुवात केली, "कुठे होतीस? किती खोल? काय ओकलं?"

रोझेलने बोटीतून माशाने ओकलेलं काहीतरी काढून तिच्या तळहातावर ठेवलं. दोघी गाडीच्या मागच्या फळीवर बसल्या, त्या ओंजळीवर डोकी वाकवून. क्लोव्हिस दोन ताटांत तळलेले मासे आणि बटाट्याचं सॅलड घेऊन गेला आणि तसाच उभा राहिला. त्याच्याकडे कोणी बघेना. तो ताटं घेऊन माझ्याकडे आला.

"तू खा हे, कोरीन," तो म्हणाला. "ती आता अंधार पडेपर्यंत उठत नाही."